‘शाबीत’ या शब्दाविषयी

फाशी, कडेलोट, काळे पाणी हे शब्द आम्हांस शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असतात. कापडे-पोलादपूरच्या बाजूस वाढलेल्या मुलाला तर कडेलोटासाठी कोश उघडावा लागत नाही. रायगडचे टकमक टोक दाखविले की पुरे. मात्र ज्या शब्दामुळे मनुष्य शिक्षेपर्यंत पोहोचतो, तो ‘शाबीत’ हा शब्द आमच्या ध्यानात क्वचितच राहतो.

मराठेशाहीतील निवाड्यांत जिंकणाराकडून ‘हरकी’ आणि हरणाराकडून ‘गुन्हेगारी’ घेतल्याचे आढळते. म्हणजे गुन्हेगारी हे तेव्हा सरकारात भरावयाच्या रकमेचे नाव होते, मनुष्याच्या स्वभावाचे नव्हे! इंग्रजी अमलात आधी गुन्हा शाबीत व्हावयाचा, मग शिक्षा. आणि या दोहोंच्या मध्ये न्यायाधीशाला चार शब्द पदरचे बोलण्यास जागा सापडे.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरविले. ‘केसरी’तील लेख मराठी, कोर्टापुढे होते त्यांचे इंग्रजी भाषांतर, आणि ते सदोष असल्याचे टिळकांनी परोपरीने सांगितले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळे पाणी व हजार रुपये दंड ठोठावला. पण तेवढ्यावर न थांबता, असे लिहिणाराचे मन रोगट असले पाहिजे, असेही त्यांनी सुनावले. हेच दावर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून झगडले होते.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेस गांधींनी गुन्हा स्वतःच कबूल केला. शाबीत करण्याजोगे काही उरलेच नाही. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला घेऊन सहाच वर्षे दिली, मात्र कैद साधी. सरकारने पुढे ही मुदत कमी केली तर आपल्याइतका आनंद कोणासही होणार नाही, असे ते म्हणाले. कलम तेच, १२४-अ, वर्षेही तितकीच. आमच्या मते या दोन निकालांतला फरक कायद्याचा नव्हे, तोंडचा आहे.

हेच ब्रूमफील्ड पुढे हायकोर्टात आले आणि त्यांच्यासमोर आमच्या महाडचे चवदार तळे आले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर झालेल्या मारहाणीबद्दल काहींना सक्तमजुरी झाली. परंतु ती डोकी फोडल्याची शिक्षा होती, पाणी नाकारल्याची नव्हे. उलट डिसेंबरात काही सवर्णांनीच आंबेडकरांवर दिवाणी दावा लावला. महाडच्या कोर्टात १९३१ साली ते हरले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टातही हरले. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादी काळापासूनची वहिवाट वादींना शाबीत करता आली नाही, असा निर्णय झाला. दावा दिवाणी, तेव्हा ‘दोषी’ हा शब्द कोणालाच लागला नाही. उद्या एखाद्या गावी अशी वहिवाट शाबीत झाली असती तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

अस्पृश्यता लादणे हा अपराध आहे, हे शब्द १९५० साली राज्यघटनेच्या सतराव्या कलमातून अमलात आले. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने त्यांना शिक्षा जोडली: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.