वृत्ती, दक्षिणा आणि शिष्यवृत्ती

'शिष्यवृत्ती' हा शब्द आपण महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर इतक्या वेळा वाचतो की त्यातील दुसऱ्या पदाकडे लक्ष जात नाही. वृत्ती म्हणजे उपजीविकेचे साधन. जुन्या मराठी कागदपत्रांत जोशीवृत्ती, उपाध्येपणाची वृत्ती असे उल्लेख पानोपानी येतात आणि तेथे तो वंशपरंपरेने चालणारा हक्क असतो. विद्येसाठी मिळणारा पैसा आणि जन्माने मिळणारा हक्क यांची गाठ आपल्याकडे भाषेतच पडलेली आहे. ती सोडवण्याचा इतिहास शिष्यवृत्तीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे आम्हांस वाटते.

आरंभ पुण्याच्या रमण्यापासून करावा लागतो. सेनापती दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणमासातील दक्षिणा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. देशभरचे ब्राह्मण पर्वतीच्या पायथ्याशी जमत आणि विद्वत्तेच्या, निदान जातीच्या, प्रमाणात रक्कम घेऊन परतत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, दक्षिणा मात्र गेली नाही. एल्फिन्स्टनने ती चालू ठेवली आणि तिच्याच एका हिश्शातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ साली लोकहितवादी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी या निधीतला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी वापरावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात केवढे वादळ उठले हे वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. पुढे याच पैशातून 'दक्षिणा फेलो' नेमले गेले. रानडे आणि भांडारकर हे दोघेही त्यांतले. आधुनिक मराठी गद्याच्या पायाभरणीत या निधीचा वाटा मोठा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

पण त्या निधीचे दार कोणासाठी उघडे होते? १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. ते नाकारले गेले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवले आहे. हे नाटक छापून वाचकांपुढे येण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना हा नकार तळटीपेत ढकलला जातो, हे आम्हांस खटकते.

या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर १८८२ साली हंटर आयोगापुढे फुल्यांनी दिलेले निवेदन वाचावे. त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आहे, ती सर्वांना परिचित आहे. शिष्यवृत्त्यांविषयीचा मजकूर थोडका असून त्याच्याकडे फारसे कोणी वळत नाही. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, हे फुले मान्य करतात. मात्र त्या पद्धतीने इतर वर्गांत शिक्षणाचा प्रसार होत नाही. म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवाव्यात, असे ते सुचवतात. युक्तिवादाची ही चाल पाहण्याजोगी आहे. स्पर्धा खोटी आहे असे ते म्हणत नाहीत. स्पर्धेच्या रेषेपर्यंत कोण पोहोचतो, एवढेच विचारतात. आज 'गुणवत्ता' या शब्दावर होणाऱ्या वादांत याहून नेमका प्रश्न आम्हांस आढळलेला नाही.

हा प्रश्न किती खरा होता याचा दाखला मुंबईतच मिळतो. मॅट्रिकला संस्कृतात सर्वोच्च गुण मिळवणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती ही त्या काळची मोठी प्रतिष्ठा. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांस मात्र संस्कृत घेऊ दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा या शिष्यवृत्तीत त्यांची हार झाली असे म्हणता येत नाही, कारण ती परीक्षाच त्यांच्यापुढे आलेली नव्हती.

त्यांच्यासाठी दुसरे दार बडोद्यात उघडले. कृ. अ. केळुसकरांच्या प्रयत्नाने सयाजीराव गायकवाडांकडून महाविद्यालयीन शिक्षणास दरमहा २५ रुपये मिळू लागले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली मुदत संपताच लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते बडोद्यास आले. तेथे एवढ्या मोठ्या पदवीधरास राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही हाकलले गेले. राजाने पैसा दिला होता, शहराने खोली दिली नाही. शिष्यवृत्तीविषयी बोलताना आपण रकमेचीच चर्चा करतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी वसतिगृहांवर एवढा भर का दिला, हे या प्रसंगाशेजारी ठेवून पाहिले की कळते. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी ती मालिका होती.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी सादर केलेल्या निवेदनात ही मागणी सरकारी खजिन्याकडे वळली. बनारस आणि अलीगढ विद्यापीठांना सरकार दरवर्षी तीन-तीन लाख देते, याकडे त्यांनी बोट दाखवले. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. रक्कम वार्षिक तीन लाख. राजाची कृपा आणि दहा वर्षांचा करार यांच्या जागी अर्ज आणि नियम आला. अर्ज रेंगाळतात, पैसे वर्ष संपल्यावर येतात, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो. तरी कृपेची आठवण ज्यास आहे तो नियमाची किंमत जाणतो.

अपंग विद्यार्थी या इतिहासात फार उशिरा आले. १९९५ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत ३ टक्के जागा ठेवल्या. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्या किमान ५ टक्के केल्या आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. हा लाभ ४० टक्के वा अधिक अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशी बांधलेला आहे. लेखनिकाची सवलत मात्र या टक्केवारीशी बांधून ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विकास कुमार खटल्यात सांगितले. तेथील उमेदवारास लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत अंध विद्यार्थ्यांसाठी वाचकभत्त्याची तरतूद असे. एम.ए.च्या अंध विद्यार्थ्याला कादंबरी दुसऱ्याच्या आवाजात, दुसऱ्याच्या सवडीने वाचावी लागते, हे त्या सरकारी शब्दात मान्य झालेले होते. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने अशा वाचकांसाठी पुस्तक सुगम स्वरूपात आणण्यास मुभा दिली. पण मराठीच्या अभ्यासक्रमातील कितीतरी जुने ग्रंथ पानांच्या छायाचित्रांच्या रूपातच संगणकावर उपलब्ध आहेत आणि छायाचित्र वाचून दाखवणे स्क्रीनरीडरला जमत नाही. ते अक्षरांत उतरवण्याचे काम कोणी हाती घ्यावयाचे, हे आम्हां मराठी विभागांना अजून ठरवायचे आहे.