दोन तबकड्या व एक क्रीडांगण

११ ऑगस्ट १९७३ च्या रात्रीं न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांत, १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतींतील भाडेकऱ्यांच्या सामायिक दालनांत सिंडी कॅम्पबेल नांवाच्या एका मुलीनें नाचाचा जलसा भरविला. शाळा उघडण्यापूर्वीं नवे कपडे घ्यावे व त्यासाठीं चार पैसे जमवावे, एवढाच तिचा हेतु होता. मुलींस २५ सेंट व मुलांस ५० सेंट असा दर हातानें लिहिलेल्या निमंत्रणपत्रिकांवर घातलेला होता. तबकड्या वाजविण्याचें काम तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, ज्यास मित्र ‘कूल हर्क’ म्हणत, याजकडे होतें. हिप-हॉप या नांवानें पुढें जगभर पसरलेल्या कलेचा जन्मदिवस म्हणून आज हीच तारीख मानली जाते. कोणतीहि कला एका रात्रींत जन्मत नसते, हें इतिहासाच्या शिक्षकास सांगावयास नको. परंतु तिथि ठरविल्यावांचून उत्सव होत नाहींत, आणि अशाच एका उत्सवास हजर राहण्याचा योग आम्हांस आला.

११ ऑगस्ट २०२३ रोजीं, बरोबर ५० वर्षांनीं, त्याच ब्रॉन्क्समधील यांकी स्टेडियम या बेसबॉलच्या क्रीडांगणावर अनेक गायकांचा मोठा जलसा झाला. त्या वेळीं आम्ही आमच्या भाचीकडे उतरलों होतों. या गाण्यास आम्हीं पूर्वीं एकदां ‘तालावरची बडबड’ म्हटलें होतें, आणि तें ती विसरलेली नव्हती. तेव्हां तिचा आग्रह मोडणें शक्यच नव्हतें.

दुपारीं ती आम्हांस प्रथम सेज्विक ॲव्हेन्यूवर घेऊन गेली. इमारत विटांची, उंच, आणि दिसण्यांत अगदीं सामान्य. एका बाजूस हार्लेम नदीच्या कांठानें जाणारा मोटारींचा राजरस्ता अखंड घोंघावत असतो. जवळच क्रॉस ब्रॉन्क्स हा दुसरा राजरस्ता आहे. रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेप्रमाणें १९४८ सालीं त्याचें काम सुरू झालें, आणि त्यापायीं हजारों कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. अशा उखडलेल्या वस्तींत जमेकांतील किंग्स्टनहून हा क्लाइव्ह १९६७ सालीं येऊन राहिला होता. २००७ सालीं या इमारतीचीं भाडीं आवाक्याबाहेर जाण्याचें भय निर्माण झालें, तेव्हां येथील भाडेकऱ्यांच्या बाजूनें उभा राहण्यास तो परत आला होता. आम्ही पोहोंचलों तेव्हां एक वृद्ध बाई सामानाची पिशवी सांवरीत आंत जात होत्या.

हर्कनें केलें काय? नाचणाऱ्यांकडे पाहतां पाहतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, गाण्यांतले शब्द थांबून केवळ तालवाद्यें उरतात त्या थोड्या क्षणांचीच हीं मुलें वाट पाहत असतात. मग त्यानें एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरील तेवढा भाग संपला कीं दुसरीवर तोच सुरू करावयाचा, आणि पहिलीची सुई उचलून पुन्हां मूळ जागीं ठेवावयाची. क्षणांचीं अशीं मिनिटें झालीं. म्हणजे या कलेचा शोध वादकाइतकाच नाचणाऱ्यांच्या पायांनीं लावला, असें म्हणावयास हरकत नाहीं. हा सारा प्रकार कलगीतुऱ्यासारखाच आहे, असें भाची म्हणाली. पुढील काळांतील रॅपच्या चढाओढींस ती उपमा शोभेल. पण त्या दालनांत शब्दांची चढाओढ नव्हती, होता तो नाच.

शब्दांचें राज्य आलें १९७९ सालीं. ‘रॅपर्स डिलाइट’ ही जवळजवळ १५ मिनिटांची तबकडी न्यू जर्सींतील एका कंपनीनें काढली. तींत तबकड्या फिरविणारा कोणी नव्हताच. पाठीमागचें संगीत वादकांनीं नव्यानें वाजविलें होतें. ज्याच्या हातांतून हें सर्व निघालें तोच बाहेर राहिला, आणि गाणें मात्र देशोदेशीं गेलें. १९८४ सालीं ‘फ्रेश फेस्ट’ या नांवानें रन-डीएमसी, कर्टिस ब्लो, व्हूडिनी आदि मंडळींचा एकत्रित दौरा मोठमोठ्या सभागृहांतून निघाला. अनेक गायक, एक तिकीट, हा परिपाठ तेव्हांपासून रुळला.

सायंकाळीं क्रीडांगणावर त्या परिपाठाचें विराट रूप पाहिलें. नॅस, लॉरिन हिल, आइस क्यूब, स्नूप डॉग, लिल वेन अशी नामावळी. परंतु जों जों रात्र चढत गेली तों तों एक गोष्ट आम्हांस बोंचूं लागली. हर्कनें क्षण ताणून त्यांचीं मिनिटें केलीं होतीं. येथें उभ्या आयुष्याचीं मिनिटें केलेलीं होतीं. प्रारंभींच्या काळांतील कित्येक मंडळी आलीं, एखाददुसरें गाणें म्हणालीं आणि गेलीं. हर्क व सिंडी यांसहि रंगमंचावर आणलें, पण तें सन्मानापुरतें. आमच्या पुढच्या रांगेंत आमच्याच वयाची एक स्त्री होती. एका जुन्या गाण्याचे ठोके पडतांच ती उठली, खुर्च्यांमधल्या वाटेंत आली आणि अशी कांहीं नाचूं लागली कीं आम्ही रंगमंच विसरलों. तिचे पाय लयींत नीट बसतात न बसतात तोंच गाणें तोडून दुसरें लावलें गेलें. उचललेलें पाऊल घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली, हंसली, आणि जागेवर जाऊन बसली.

अखेरीस रन-डीएमसी आले, तिघांपैकीं दोघेच. तबकड्या सांभाळणारा जॅम मास्टर जे याचा २००२ सालीं क्वीन्समधील त्याच्या स्टुडिओंत खून झाला होता. त्या दोघांबरोबर सारें क्रीडांगण एकेक ओळ पाठ म्हणत होतें; भाचीहि म्हणत होती. ‘बडबड’ हा आमचा शब्द आम्हीं तेथेंच मनांतल्या मनांत मागें घेतला.

परततांना आगगाडींत आम्ही ती मिनिटांची तक्रार पुन्हां करूं लागलों. भाचीनें ऐकून घेतलें, आणि मग विचारलें, “मामा, तुम्ही अमेरिकेचा इतिहास शिकवितां ना? त्यांत या लोकांना किती मिनिटें देतां?”

आमच्या कॉलेजांत तास ५० मिनिटांचा असतो, एवढेंच आम्ही म्हणालों.