तेलताडाच्या मळ्यांत वृक्षबेटे

बेंगळुरू - तेलताडाची लागवड वाढवूनही जैवविविधता राखता येईल काय, हा प्रश्न भारतात आता केवळ अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय खाद्यतेल अभियानास मंजुरी दिली. त्या वेळी देशात सुमारे ३ लाख ७० हजार हेक्टरांवर तेलताड होता. २०२५-२६ पर्यंत त्यात साडेसहा लाख हेक्टरांची भर घालण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले आणि त्यातील निम्म्याहून किंचित अधिक क्षेत्र ईशान्येकडील राज्यांसाठी निश्चित झाले. देशातील घनदाट वनांचा मोठा हिस्सा याच राज्यांत आहे.

तेलताड, अर्थात ऑइल पाम, मूळचा पश्चिम आफ्रिकेतील. दर हेक्टरी तेलाच्या उत्पादनात दुसरे कोणतेही तेलपीक त्याची बरोबरी करू शकत नाही. म्हणूनच इंडोनेशिया व मलेशियात त्याच्यासाठी वर्षावनांचे विस्तीर्ण पट्टे तोडले गेले. नऊ-नऊ मीटरांवर ओळीने उभी असलेली एकाच जातीची झाडे आणि त्यांच्याखाली स्वच्छ केलेली जमीन, हे या मळ्यांचे रूप. तेथे वनातील पक्षी व कीटक फारसे टिकत नाहीत. मिझोरममधील डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, झूम शेतीच्या पट्ट्यांत तेलताडाच्या मळ्यांपेक्षा वनपक्ष्यांच्या कितीतरी अधिक जाती आढळल्या. वनांचा शत्रू म्हणून ज्या फिरत्या शेतीकडे वर्षानुवर्षे बोट दाखवले गेले, तीच येथे पक्ष्यांना अधिक मानवणारी ठरली.

अशा मळ्यांत जीवसृष्टी परत आणण्याचा सर्वांत पद्धतशीर प्रयोग इंडोनेशियात, सुमात्रा बेटावरील जांबी प्रांतात सुरू आहे. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठ आणि इंडोनेशियातील विद्यापीठे यांनी १४० हेक्टरांच्या एका मळ्यात डिसेंबर २०१३ मध्ये ५२ ‘वृक्षबेटे’ तयार केली. सर्वांत लहान बेट ५ मीटर लांब-रुंद, तर सर्वांत मोठे ४० मीटर. मोठ्या बेटांतील सुमारे ४० टक्के ताड आधी काढण्यात आले. दुरियन आणि आपल्याकडील सालवृक्षाच्या कुळातील मेरांती यांसह सहा स्थानिक जातींची रोपे निवडण्यात आली. काही बेटांत त्यांपैकी एकच जात, तर काहींत दोन, तीन किंवा सहाही जाती लावण्यात आल्या. काही बेटांत मात्र मुद्दाम काहीच न लावता निसर्गाला वाव देण्यात आला. खते व कीटकनाशके पूर्णतः थांबवण्यात आली.

‘नेचर’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर या बेटांत वनस्पती, कीटक, पक्षी, वटवाघळे यांची विविधता नेहमीच्या मळ्याच्या तुलनेत वाढली होती. जमिनीत पाणी मुरण्यासारख्या क्रियाही सुधारल्या होत्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे संपूर्ण मळ्याचे उत्पन्न घटले नाही. विरळणीमुळे उरलेल्या ताडांना अधिक प्रकाश मिळाला आणि त्यांच्या वाढीव फळांनी काढलेल्या झाडांची तूट भरून निघाली. बेट जितके मोठे, तितक्या अधिक स्थानिक वृक्षजाती तेथे आपोआप रुजतात, असे २०२४ मध्ये ‘सायन्स’मधील अभ्यासातून पुढे आले. तथापि, अशी बेटे वनाची जागा घेऊ शकत नाहीत. उभे वन राखणे हेच पहिले काम, असे या शास्त्रज्ञांनीही स्पष्ट केले आहे.

नेमका हाच मुद्दा बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उमेश श्रीनिवासन व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतापुरता तपासला आहे. ‘नेचर फूड’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, जैवविविधतेने समृद्ध प्रदेशांना हात न लावताही देशात तेलताड वाढवता येईल; मात्र त्यासाठी नवी लागवड आधीच पिकाखाली असलेल्या जमिनीकडे वळवावी लागेल. अर्थात या झाडाची पाण्याची गरज मोठी असल्याने शेतजमिनीवरील लागवडीतही सिंचनाचा प्रश्न उरतोच.

सुमात्रातील प्रयोग भारतात जसाच्या तसा उतरवणे सोपे नाही. तो एका मोठ्या मळ्यात झाला. आंध्र प्रदेश, तेलंगण वा कर्नाटकातील लागवड बहुतांशी खासगी शेतकऱ्यांच्या शेतांत आहे. ४० मीटर लांब-रुंद बेट म्हणजे जवळजवळ १६ गुंठे. अडीच एकरांच्या धन्यासाठी ती मोठी जागा आहे. २० मीटरांचे बेट मात्र चार गुंठ्यांत बसते. तेलताडाचे किफायतशीर आयुष्य २५ ते ३० वर्षांचे असते. दक्षिणेतील १९९० च्या दशकातील बागा आता त्या वयाला पोहोचल्या आहेत. फेरलागवडीच्या वेळी बांधालगत वा ओढ्याकाठी अशी जागा मोकळी ठेवल्यास फळावरचे एकही झाड तोडावे लागत नाही.