ज्यूरीविना खटला : परदेशी गुन्हेकथेच्या मुंबईतील रूपांतराविषयी

परदेशी चित्रवाणीवरील गुन्हेविषयक मालिका घेऊन तिचे भारतीय रूपांतर करावयाचे, ही प्रथा आता चांगलीच रुळली आहे. 2019 साली हॉटस्टारवर आलेली 'क्रिमिनल जस्टिस' ही हिंदी मालिका तिचे ठळक उदाहरण होय. पीटर मॉफट यांनी लिहिलेली मूळ मालिका बीबीसीने 2008 साली प्रक्षेपित केली होती. 2016 साली एचबीओने 'द नाइट ऑफ' या नावाने तिला अमेरिकी रूप दिले. आणि मग ती मुंबईस आली. टॅक्सी घेऊन निघालेल्या एका तरुणाला एक मुलगी भेटते, रात्री तिचा खून होतो आणि संशय त्याच्यावर येतो, हा कथेचा गाभा तिन्ही ठिकाणी कायम आहे. मूळ कथेतील वकिलाची त्वचेची व्याधीदेखील न्यूयॉर्कमार्गे मुंबईच्या माधव मिश्रापर्यंत पोहोचली आहे. हस्तलिखितांची वंशावळ लावताना पाठचिकित्सक ज्या निरुपयोगी पण चिवट खुणांचा आधार घेतात, त्यांतलीच ही एक म्हणावयास हरकत नाही.

हा प्रकार मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये. यूजेन स्यू याची पॅरिसच्या रहस्यांची कादंबरी 1842-43 मध्ये वृत्तपत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या धर्तीवर रेनॉल्ड्सने 1844 पासून लंडनची रहस्ये साप्ताहिक अंकांतून लिहिली. आणि त्या रेनॉल्ड्सचा आधार घेऊन हरि नारायण आपटे यांनी 1885 साली 'मधली स्थिती' लिहिली, तीही 'पुणे वैभव' पत्रातून क्रमशः. पॅरिस, लंडन, पुणे या मालिकेशी लंडन, न्यूयॉर्क, मुंबई ही मालिका ताडून पाहिली असता माध्यम बदलले, व्यवहार बदलला नाही, असे दिसून येते. हप्त्याहप्त्याने वाचकास बांधून ठेवण्याची युक्तीही तीच आहे.

तथापि रूपांतराची खरी कसोटी कथानकात नसते. कथानक सहज प्रवास करते. नावेही करतात, 'ऑथेल्लो'चे रूपांतर करताना देवलांनी 1890 च्या 'झुंझाररावा'त इयागोला जाधवराव केले, आणि बीबीसीच्या 'ल्यूथर'वरून 2022 साली बेतलेल्या 'रुद्र'मध्ये ॲलिसची आलिया झाली, दोन्हींत ध्वनिसाम्याचा मार्ग एकच आहे. अडते ते संस्थांपाशी. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कथा बहुधा जुन्या राजवटींच्या काळात नेऊन बसविल्या, याचे एक कारण आमच्या मते हेच असावे की, राजदरबार आणि भुयारे यांत कोर्टकचेरीचा प्रश्न उद्भवत नाही. वर्तमानकाळातील गुन्हेकथेस ही सोय नाही. गुन्हा, तपास आणि न्याय यांचे नियम त्या त्या देशाचे असतात, व कथेचा सांगाडा त्यांवरच उभा असतो.

ज्यूरीचेच उदाहरण घ्यावे. लंडन आणि न्यूयॉर्क येथील खटल्यात निर्णय सामान्य नागरिकांच्या हाती आहे; न्यूयॉर्कच्या रूपात तर ज्यूरीतील मते सहा विरुद्ध सहा अशी समसमान पडतात व सारा शेवट त्यावर बेतलेला आहे. मुंबईच्या खटल्यात हे शक्य नाही. 1959 च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीस निर्दोष ठरविले, सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले, आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. हा देशातील अखेरचा ज्यूरी खटला होता, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. काही प्रांतांत ज्यूरी त्यानंतरही चालू राहिली व 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनेच तिचे उच्चाटन केले. (पारशी विवाहविषयक दाव्यांत तिचा अवशेष अद्याप टिकून आहे, हे मुंबईकरास सांगावयास नको.) परिणामी मूळ कथेत बारा जणांस उद्देशून केलेले वक्तृत्व येथे एका न्यायाधीशासमोर करावे लागते. बारा सामान्य माणसांचा संशय आणि त्यांचा पूर्वग्रह हा मूळ कृतीचा एक प्रमुख विषय. तो मुंबईत येताना गळून पडतो आणि त्याची जागा भरून काढण्याजोगे काही सापडत नाही.

उलट वकिलांच्या बाबतीत रूपांतरकारास नशिबाने साथ दिली. इंग्लंडात पोलीस ठाण्यात येणारा सॉलिसिटर व न्यायालयात उभा राहणारा बॅरिस्टर हे भिन्न व्यवसाय आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही असा भेद होता; तो 1977 च्या प्रारंभी संपुष्टात आला. आता सगळेच वकील. म्हणून कायद्याने केलेला भेद मालिकेत सामाजिक भेद बनला आहे : ठाण्याच्या दारात अशील शोधणारा माधव मिश्रा एकीकडे आणि प्रतिष्ठित मंदिरा माथुर दुसरीकडे. हा बदल मुळाहूनही सरस वाटतो.

सर्वांत मोठी अडचण मात्र कबुलीजबाबाची आहे. ब्रिटिश गुन्हेकथा चौकशीच्या खोलीत घडते. तेथे 1984 च्या कायद्यानुसार चौकशीचे ध्वनिमुद्रण होते, आणि आरोपीने पोलिसांपुढे उच्चारलेले वाक्य पुरावा ठरू शकते. म्हणून टेबलाच्या दोन बाजूंस बसलेल्या दोघांच्या संवादात नाट्य भरलेले असते. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या 25 व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यातून वगळली, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 23 व्या कलमातही तोच नियम आहे. चौकशीच्या खोलीची जशीच्या तशी नक्कल केली, तर प्रेक्षकास ती रंगतदार वाटेल. पण येथील न्यायालयात त्या संवादाची किंमत जवळजवळ शून्य.

जवळजवळ म्हणण्याचे कारण असे की, आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू हस्तगत झाली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. आणि तो सिद्ध होतो पंचनाम्याने. येथे भाषाभ्यासकाचे कुतूहल जागे होते. पंच संस्कृत वंशाचा, नामा फारसी; फिर्याद, मुद्देमाल, जामीन, वकील, हवालदार हे अरबी-फारसी; आरोपी पुन्हा संस्कृत. शतकानुशतकांच्या राजवटींचे थर एकाच कागदावर सापडतात. पंचांचे नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण, जागेची चतुःसीमा, वस्तूचे वर्णन, शेवटी वाचून दाखविल्याचा उल्लेख व सह्या, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. गिरगावातील चाळ असो की उलव्यातील नवी इमारत, हा क्रम बदलत नाही. आणि पुढे न्यायालयात पंच फितूर झाला की सारा डोलारा कोसळतो! चौकशीच्या खोलीस तोडीस तोड असे हे नाट्यस्थळ आहे, आणि ते सर्वस्वी येथले आहे.

याची भाषा मराठी आहे. महाराष्ट्रात गुन्ह्याची खबर मराठीत नोंदविली जाते आणि पंचनामा मराठीत होतो. परंतु त्याच महाराष्ट्रातील गुन्ह्याची कथा आज लंडनच्या इंग्रजीतून हिंदीत रचली जाते व मराठी तिच्यात हवालदाराच्या एखाद्या उद्गारापुरती उरते. 'रुद्र'चे दिग्दर्शन राजेश मापुसकर या मराठी दिग्दर्शकाचे, तिची भूमी मुंबई; तरी मराठीस ती मिळाली ती इतर प्रादेशिक भाषांबरोबर ध्वन्यंतरित होऊन. 1885 साली आपट्यांनी रेनॉल्ड्स घेतला तेव्हा पुण्याच्या माणसाच्या बोलण्याला दुसऱ्या भाषेच्या मध्यस्थीची गरज पडली नव्हती. ध्वन्यंतरात अनुवादकासमोर हिंदी संवाद असतो आणि पात्राच्या ओठांची हालचाल हिंदीची असते; तेव्हा ठाण्यातील हवालदार आपल्या अधिकाऱ्याशी ज्या लकबीने बोलला असता तीच लकब हिंदीवरून परत मराठीत आणावी लागते, आणि 'बयान' या शब्दासाठी 'जबाब' निवडावा की 'निवेदन', हे ठरविताना त्याच्यापुढे पंचनाम्याचा कागद बहुधा नसतो.