बर्मिंगहॅमची ठिणगी, झाशीचं ऊन

मे महिन्यातल्या दुपारी झाशी-बबिना रस्त्यावर बंद पडलेली मोटरसायकल ढकलायची पाळी माझ्यावर लागोपाठ तीन रविवार आली. गाडी दुसऱ्या महायुद्धातली, बीएसए एम 20. सकाळी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. दहा-बारा किलोमीटर झकास चालायची. मग मिसिंग, मग सायलेन्सरमधून एखादा बार, मग गप्प. कडुनिंबाखाली तासभर उभी केली की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू.

गाडी माझी नव्हती. झाशीत अजून काही जुनी मराठी घरं आहेत. नेवाळकरांच्या काळात इकडे आली आणि इथलीच झाली. अशाच एका घरातले एक निवृत्त सुभेदार साहेब माझ्या ओळखीचे झाले. त्यांचे वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. युद्ध संपल्यावर लष्करी सामानाचे लिलाव झाले, त्यात त्यांनी ही गाडी घेतली. सुभेदार साहेब स्वतः सिग्नल्सचे. 1971 मध्ये डी.आर., म्हणजे डिस्पॅच रायडर. आता गुडघा किक मारू देत नाही. मुलगा म्हणतो, चालत नाही तर विकून टाकू. साहेबांनी मला एवढंच सांगितलं, "हवालदार, भर दुपारी बबिन्याला जाऊन परत येऊ दे. नाही आली तर मीच गिऱ्हाईक बघतो."

मी ईएमईचा. गाड्या दुरुस्त करणं हीच माझी रोजीरोटी. म्हटलं, एका रविवारचं काम. लागले दोन महिने. त्या दोन महिन्यांत ठिणगीचा जो इतिहास मला कळला, तो इथे मांडतो.

इंग्लिश गाड्यांच्या वायरिंगची थट्टा जगभर चालते. बर्मिंगहॅमची लुकास कंपनी बहुतेक ब्रिटिश गाड्यांना मॅग्नेटो, डायनॅमो आणि दिवे पुरवायची. गाडी रात्री बंद पडली की लोक लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायचे. गंमत अशी की या घराण्याची सुरुवातच उजेडापासून झाली. जोसेफ लुकास बर्मिंगहॅममध्ये रॉकेल आणि दिवे विकत असे. पुढे सायकलींच्या दिव्यांनी कंपनीचं नाव झालं.

मॅग्नेटो ही मूळ इंग्रजांची वस्तू नव्हे. जर्मनीत श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात 1902 मध्ये गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला. बॅटरी नको, काही नको. चुंबकाच्या मध्ये तारेची गुंडाळी फिरते, करंट तयार होतो, ऐन क्षणी पॉइंट उघडतात आणि प्लगवर ठिणगी पडते. माल इतका चांगला की इंग्लंडमधल्या मोटारी, लॉऱ्या, विमानं बहुतेक जर्मन मॅग्नेटोवरच चालू लागली. 1914 च्या ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं आणि ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की आपल्या इंजिनांची ठिणगी शत्रूच्या कारखान्यातून येते. त्याच वर्षी लुकासनं थॉम्सन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी छोटी कंपनी विकत घेतली. लुकासच्या मॅग्नेटोची परंपरा तिथून सुरू होते. आज आपण आत्मनिर्भरतेबद्दल बोलतो. इंग्रजांना तो धडा एका मुठीएवढ्या यंत्रानं शिकवला.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते तयार होते. 496 सीसीची, साइड व्हाल्व्हची एम 20 सव्वा लाखाच्या आसपास बनली. वेग बेताचा, वजन भरपूर, पण वाहून नेईल ते थोडं. तिच्यावर लुकासचा मॅगडायनो असतो: खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर पट्ट्यानं आवळलेला डायनॅमो. डायनॅमो फक्त दिवे आणि बॅटरी सांभाळतो. इंजिनाला त्याची गरज नाही. बॅटरी काढून फेकली तरी गाडी पळते. निरोप घेऊन जाणाऱ्या डी.आर.साठी याहून चांगली सोय कोणती?

त्या काळात झाशी म्हणजे मोठं रेल्वे जंक्शन आणि मोठी छावणी. 1943 च्या जानेवारीत विंगेटची 77 ब्रिगेड, म्हणजे पहिले चिंडिट, झाशीहूनच आगगाडीनं ईशान्येला रवाना झाली. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला आमची ईएमई उभी राहिली. लढाईचं यंत्र आणि यंत्राचा वैद्य, दोघं एकाच धामधुमीत जन्माला आले.

आता माझ्या चुका. ऊन म्हटल्यावर मी आधी पेट्रोल धरलं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल म्हणून गाडी बंद पडताच झाकण उघडलं. फरक नाही. कार्बुरेटर दोनदा धुतला. प्लग नवा टाकला. प्लगची वायर बदलली. दर रविवारी एक नवी वस्तू, आणि दर रविवारी ढकलत परत. तिसऱ्या रविवारी सुभेदार साहेब ओट्यावर बसून म्हणाले, "तू दोष शोधत नाहीयेस रे, सामान बदलतोयस. आमच्याकडे रात्री बदलायला सामान नसायचं."

मग त्यांनी 1971 ची गोष्ट सांगितली. तेव्हा त्यांच्याकडे बुलेट होती. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारनं सीमेवरच्या गस्तीसाठी इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डकडून 350 सीसीच्या 800 बुलेट मागवल्या, आणि 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. सुरुवातीच्या इंग्लिश बुलेटवर मॅगडायनोच होता. 1950 चं दशक सरेपर्यंत त्याची जागा अल्टरनेटर, बॅटरी आणि कॉइलनं घेतली. या गाडीचा निरोप्या म्हणजे हेडलाइटच्या वर बसवलेली अँमीटरची सुई.

एका रात्री साहेबांची गाडी बंद पडली. खिशात कागद, टॉर्च लावायची मनाई. त्यांनी इग्निशन चालू केलं आणि पायानं किक हळूहळू दाबत, हाताच्या ओंजळीत काडी पेटवून सुईकडे पाहिलं. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट जातो आणि सुई डावीकडे झुकते. पॉइंट उघडले की सुई मध्यावर येते. सुई अशी डुलत असेल तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा रस्ता ठीक. सुई हललीच नाही तर रस्ता कुठेतरी तुटलाय किंवा पॉइंटवर मळ बसलाय. सुई डावीकडेच चिकटून राहिली तर पॉइंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. साहेबांची सुई चिकटून होती. कंडेन्सर बाहेर, एका स्क्रूवर. जवळचा दुसरा अंधारात चाचपून बसवला आणि कागद पोचला. "काडी एक लागली," ते म्हणाले. ती गोष्ट त्यांनी फुशारकीनं सांगितली नाही, हिशोबासारखी सांगितली.

मॅग्नेटोला सुई नसते. पण क्रम तोच: आधी फुकटचं तपासायचं, मग स्वस्तातलं, शेवटी उघडायचं. त्याच क्रमानं मी चौथ्या रविवारी बसलो.

पहिलं, गाडी बंद करण्याच्या बटणाची वायर मॅग्नेटोपासून सोडवली. मॅग्नेटोची गाडी बंद करायची म्हणजे त्याचा करंट अर्थ करायचा. ती वायर कुठे घासून उघडी पडली आणि फ्रेमला टेकली, तर इंजिन आपोआप मरतं. ती ठीक निघाली.

दुसरं, पिकअप काढला. आत फिरणाऱ्या कड्याला कार्बनचा छोटा ब्रश टेकलेला असतो. ब्रशची भुकटी त्या कड्यावर साचते आणि ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी त्या काळ्या वाटेनं अर्थ होते. लाकडी काडीला पेट्रोलचं फडकं गुंडाळून भोकातून आत धरलं आणि इंजिन हातानं फिरवलं. फडकं काळंकुट्ट. गाडी जरा खुलली, पण आजार गेला नाही. आर्मेचरचा अर्थ ब्रशही काढून साफ केला. खूप लोक तो विसरतात.

तिसरं, पॉइंट. बारा थाऊ, म्हणजे 0.3 मिलिमीटर, एवढी फट. फट बरोबर होती. पण पॉइंटचे चेहरे देवीचे व्रण आल्यासारखे खडबडीत झाले होते. मागच्या महिन्यातच मी ते घासून चकचकीत केले होते. इथेच मला थांबायला हवं होतं.

पॉइंट उघडतात त्या क्षणी करंट थांबायला तयार नसतो. धावता नळ एकदम बंद केला की पाइपला दणका बसतो, तसंच. तो दणका झेलायला कंडेन्सर असतो. तो झेलतो म्हणून करंट झटकन तुटतो, आणि झटकन तुटतो म्हणून प्लगवर हजारो व्होल्ट उठतात. कंडेन्सर हरला की करंट पॉइंटवरच ठिणगी होऊन जळतो. पॉइंट खातात आणि प्लग उपाशी राहतो.

त्या रात्री गाडी मुद्दाम गरम करून आणली, ओसरीवरचा दिवा मालवला, पॉइंटचं झाकण काढलं आणि पोराला किक मारायला लावली. पॉइंटवर निळे लोळ उठत होते. थंड झाल्यावर पुन्हा पाहिलं तर बारीक चमक, बस. इंजिनाच्या डोक्यावर पाव इंच अंतर ठेवून प्लगची वायर धरली. थंडपणी ठिणगी ते अंतर ओलांडायची, गरमपणी नाही. दोष सापडला होता, आणि एकाही नव्या वस्तूशिवाय.

बुलेटचा कंडेन्सर बाहेर असतो. या मॅग्नेटोचा मात्र फिरणाऱ्या आर्मेचरच्या आत, टोकाशी दडवलेला. तो बदलायचा तर आख्खा मॅग्नेटो उघडायचा. अर्थ ब्रश आधी काढायचा, नाहीतर आर्मेचर ओढताना तो तुटतो. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या वाइंडरकडे आर्मेचर पाठवलं. गुंडाळीवरची लाखही उष्णतेनं मऊ होऊन बाहेर डोकावत होती. त्यानं नवी गुंडाळी केली, आजच्या काळातला कंडेन्सर घातला आणि लाखेऐवजी इपॉक्सी वापरलं.

मग लुकासला शिव्या द्यायच्या का? मला नाही वाटत. बर्मिंगहॅमच्या पावसात आणि फ्लँडर्सच्या चिखलात चालावं म्हणून जी वस्तू घडली, तिच्याकडून आपण ऐंशी वर्षांनी बुंदेलखंडाचं ऊन मागतो. हे ऊन इंग्रजांच्या माणसांनाही झेपलं नव्हतं. झाशी पडल्यावर ह्यू रोझ काल्पीकडे निघाला. 1858 च्या मे महिन्यात कोंचला तात्या टोप्यांच्या फौजेशी लढताना त्याचे कितीतरी सैनिक गोळीनं नव्हे, उष्माघातानं पडले. रोझ स्वतःही कोसळला. हा कंडेन्सर त्यांच्याहून जास्त टिकला.

आणखी एक गंमत. आपल्याकडे 1951 मध्ये बॉशच्या साथीनं मायको सुरू झाली आणि 1961 मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस. पुढे कितीतरी देशी गाड्यांवर लुकासची कॉइल आणि मायकोचा प्लग शेजारी शेजारी बसले. 1914 मध्ये ज्यांच्यामधला व्यापार युद्धानं तोडला, त्यांची ठिणगी हिंदुस्थानात एका वायरीनं जोडली गेली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, आम्ही निघालो. दुपारचा एक. साहेब आमच्या मागे मुलाच्या स्कूटरवर, मुलगा चालवतोय. नेहमीचा कडुनिंब आला. माझा कान इंजिनाकडे. मिसिंग नाही. बबिन्याला चहा घेतला. मुद्दाम इंजिन तापलेलं असतानाच पुन्हा किक मारली. पहिलीला नाही, दुसरीला सुरू.

परत आल्यावर साहेबांनी इंजिनाच्या फिन्सवर हात धरला, चटका बसेपर्यंत. मुलाला म्हणाले, "किल्ली नसते हिला. ही चोरीला गेली तर तुझी जबाबदारी." विकण्याचा विषय त्यानंतर निघालेला मी तरी ऐकला नाही.

आज माझ्या वर्कशॉपमध्ये गाडीला कॉम्प्युटर जोडला की स्क्रीनवर दोषाचा नंबर येतो. चांगली सोय आहे, मी रोज वापरतो. पण नवीन पोरं आली की मी एक जुनी बुलेट पुढे करतो आणि सांगतो: सामानाला हात लावायचा नाही, आधी सुई बघ. ज्या माजी सैनिकांनी रात्रीच्या अंधारात अशा गाड्या चालत्या केल्या, त्यांनी आपला क्रम कुणाला तरी शिकवून ठेवावा. सामान पुन्हा मिळतं.

जय हिंद.