सरासरी खाली आली, पण दरी?

२५ जानेवारी १९४५ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. दातांची कीड रोखण्यासाठी असं करणारं हे जगातलं पहिलं शहर. प्रमाण साधारण १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम.

धोरण म्हणून यात मोठी ताकद होती. डेंटिस्टकडे जायला पैसे लागतात, कामावरची सुट्टी लागते. नळाचं पाणी मात्र श्रीमंतांच्या घरी येतं तसंच गरिबांच्याही.

तुलनेसाठी जवळचं मस्कीगन शहर निवडलं होतं. पण १९५१ मध्ये तिथेही फ्लोराइड सुरू झालं आणि कंट्रोल गट हातातून गेला! ११ वर्षांनी ग्रँड रॅपिड्समध्ये, योजनेनंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड ६० टक्क्यांहून जास्त घटलेली दिसली.

आता हा आकडा नीट बघा. तो सरासरीचा आहे. अशा अभ्यासांत किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात यांची बेरीज करतात. समजा, एका मुलाचे चार दात वेळेवर भरले आणि दुसऱ्याचे चार उपटावे लागले. दोघांचाही स्कोअर चारच. उपचार कुणाला मिळाले, कुणाला नाही, हे त्या बेरजेत दडून जातं.

पुढे २०१५ मध्ये कॉक्रेनचा आढावा आला. फ्लोराइडयुक्त पाण्याने मुलांमधली कीड कमी होते, असं त्यात दिसलं. पण गरीब-श्रीमंतांमधला फरक बदलतो का, हे सांगण्याइतका पुरावा नव्हता. म्हणजे ७० वर्षांनीही मूळ प्रश्न तसाच! लक्षात घ्या, ‘पुरावा अपुरा’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असं नव्हे.

हे धोरण उचलून आपल्याकडे आणताही येत नाही. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत भूजलातच फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. दातांवर डाग पडतात, हाडांनाही त्रास होतो. तिथे हातपंपावर अवलंबून असलेल्या घरांना फ्लोराइड कमी असलेलं पाणी देणं, हेच समानतेचं धोरण.

म्हणून विषमतेवर काम करायचं असेल, तर उत्पन्न, वस्ती, पाण्याचा स्रोत हे रकाने पहिल्याच प्रश्नावलीत हवेत. आणि किडलेले, काढलेले, भरलेले दात वेगवेगळे मांडा. जे गोळाच केलं नाही, ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून निघत नाही.