तालमीतला फुटबॉल

काशीतील ज्या घाटास जुनी मराठी मंडळी अमृतराव घाट म्हणत आली, तो आता राजा घाट या नावाने ओळखला जातो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी तो दगडी बांधून काढला. इ. स. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर काही काळ पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती होता. पुढे इंग्रजांशी ठराव होऊन सालिना सात लाखांच्या नेमणुकीवर ते उत्तरेत आले व १८२४ मध्ये काशीतच निवर्तले. घाट, मंदिरे आणि अन्नछत्र यांची वर्णने आमच्या वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. परंतु पेशवाईच्या मंडळींबरोबर उत्तरेत आलेल्या आणखी एका गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. ती म्हणजे तालीम. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवजीवन दिले, आणि पेशवे ब्रह्मावर्तास गेल्यावर ती विद्याही इकडे रुजली. काशीचे आखाडे तर त्याहून जुने. लाल मातीला येथे परके वाटण्याचे कारणच नव्हते.

फुटबॉलवर लिहावयास बसून आम्ही तालमीत कसे शिरलो, अशी शंका कोणास आल्यास ती रास्त आहे. तिचे उत्तर कोल्हापुरात आहे. मात्र तेथे जाण्यापूर्वी थोडे विलायतेस व कलकत्त्यास जाऊन येणे भाग आहे.

हा खेळ मुळात विद्यालयांचा. १८६३ मध्ये लंडनला त्याचे नियम ठरले, आणि त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे त्यावर मोठ्या घरच्या, मोठ्या शाळांतून शिकलेल्या मंडळींची मक्तेदारी होती. १८८३ च्या एफ. ए. कप स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणगावच्या संघाने ईटनच्या माजी विद्यार्थ्यांना २-१ असे हरविले, तेव्हा ती मक्तेदारी मोडली. त्यानंतर तो चषक अशा माजी विद्यार्थ्यांकडे पुन्हा गेला नाही. आपल्याकडेही वळण तेच. नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या कलकत्त्याच्या विद्यार्थ्याने चेंडू प्रथम हेअर स्कूलच्या आवारात आणि पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजविला. पण खेळ पसरला तो त्याच्या क्लबांमुळे. एका कुंभाराच्या मुलास सभासद करून घेण्यास सोबत्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्याने तो क्लबच मोडला आणि १८८७ मध्ये शोभाबाजार क्लब उभा केला. याच क्लबाने १८९२ साली ट्रेड्स कपच्या सामन्यात ईस्ट सरे या गोऱ्या पलटणीच्या संघास हरविले. मोहन बागानचा १९११ चा विजय सर्वांस ठाऊक आहे. त्याचा पाया आम्हांस त्या कुंभाराच्या मुलापाशी दिसतो.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० पासून आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कुस्ती तेथे वैभवास पोचली, आणि १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. फुटबॉलही संस्थानी अमदानीतच आला. पण तेथे नवे क्लब काढण्यात फारसे कोणी गुंतले नाही. पेठोपेठी तालमी होत्याच; त्यांनीच चेंडू आत घेतला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे कुस्तीगिरांची वाटतील, परंतु ती फुटबॉल संघांचीही आहेत. त्यांच्याच तोडीस शिवाजी तरुण मंडळ व प्रॅक्टिस क्लब. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि तिच्या लीग सामन्यांनी हंगामास आरंभ होण्याची रीत पडली.

आमच्या नोकरीची काही वर्षे त्या शहरात गेली, म्हणून थोडे अधिकाराने लिहितो. मुंबईचा फुटबॉल पावसाचा, कोल्हापूरचा उन्हाचा. हिवाळ्यात लीग सुरू व्हावी, तिच्या पाठोपाठ निरनिराळ्या चषकांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा याव्यात आणि वैशाखापर्यंत शाहू स्टेडियम दुपारी चारला भरावे. दोन पेठांचा सामना असला की कचेरीत अर्ध्या दिवसाच्या रजेचे अर्ज वाढत, आणि अर्जातील कारण वाचण्याची आम्हांस गरज पडत नसे. विश्वचषकाच्या दिवसांत तर ब्राझील आणि अर्जेंटिना याही जणू कोल्हापुरातल्याच दोन पेठा होतात.

महाविद्यालयाचा हंगाम याच्यापुढे फिका पडतो. विभागीय सामने, मग आंतरविभागीय, मग विद्यापीठाच्या संघाची निवड, आणि पुढे पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा. सारे काही आठवड्यांत आटोपते. प्रेक्षक म्हणून बहुधा सोबतीच. आमच्या काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज १८९८ मध्ये निघाले, १९१६ मध्ये हिंदू विश्वविद्यालय झाले. मैदाने विस्तीर्ण आहेत, पण त्यांवरील सामन्यासाठी एखाद्या गल्लीने दुकाने मिटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलसाठी लाखावर माणसे बसतील अशी मैदाने आहेत खरी. पण तो फुटबॉल निराळा, बव्हंशी हातांनी खेळावयाचा. विद्यार्थी तीन-चार वर्षांत कॉलेज सोडतो. तालीम सुटत नाही. बाप जेथे खेळला तेथेच मुलगा खेळतो, आणि गुडघा दुखू लागला की सामन्याच्या दिवशी मैदानाच्या कडेस बसून दोघांनाही नावे ठेवतो.

या निष्ठेची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबले आहेत, स्पर्धा अर्ध्यावर आल्या आहेत. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, तसे परदेशी खेळाडूही तालमींच्या पोशाखात दिसू लागले. पेठेतल्या पोराने मग राखीव बाकावर बसावयाचे. आम्हांस अधिक बोचते ते निराळेच. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत, रेल्वेत खेळाडूंसाठी जागा असतात. त्यांचे अर्ज पाहताना राष्ट्रीय अथवा आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र मागावे लागते. पेठेच्या सामन्यात दहा हजारांना उभे करणाऱ्या पोराजवळ तेवढे नेमके नसते. ज्या कॉलेजच्या हंगामास तो कमी लेखतो, त्याचाच कागद येथे चालतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा आपल्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली होती. तालमींनी आपल्या मुलांना कॉलेजच्या संघात आग्रहाने पाठवावे, आणि कॉलेजांनी तालमीच्या सामन्यांच्या तारखा पाहून आपले सराव ठेवावेत, असे आम्ही तेथे असताना पुष्कळांना सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या.

मृगाचा पाऊस आला की मैदान निसरडे होते आणि तेथील हंगाम संपतो. त्यानंतर काही आठवड्यांत इकडे गंगा अमृतरावांच्या पायऱ्या एकेक करून चढू लागते, आणि घाटावरची पोरे पोहण्यास वरच्या पायरीवर येतात.